दार बंद

कॅमेरा घेतला खडेबाजारातून,
लग्नांचा स्टुडिओ मोडीत काढणाऱ्या माणसाकडून.
भिंगात बुरशी. त्यानं आधीच सांगितलं होतं,
खानापूरच्या पावसानं खाल्लंय,
उजव्या कोपऱ्यात जरा ढग येईल.
येतो.
राकसकोपच्या टिटवीवर ढग,
कणकुंबीच्या धनेशावर ढग,
किल्ल्याच्या तळ्यातली पाणकोंबडी तर
अर्धी ढगातच पोहते.

रविवारी मी पाखरं टिपतो.
सोमवार ते शनिवार मीटर.
दोन्हींसाठी मान वाकडी करून आडोशात बघावं लागतं,
दोन्हीकडं कुत्री असतात.

जांबोटी रस्त्याला मष्णू गावड्याचं घर.
भिंतीवर लोखंडी डबा, डब्याचं झाकण कधीच गेलेलं.
एप्रिलात हात घातला तर
काथ्या, सुकं गवत, कुणाच्या तरी गंगावनाचे केस,
आणि आकड्यांना टेकून
तीन निळसर अंडी, वर कात शिंपडल्यासारखे ठिपके.
राखाडी मादी कुंपणावरून शिव्या देत होती.
नर खांबावर, काळा कोट, खांद्यावर पांढरी घडी.
आम्ही त्याला दयाळ म्हणतो.
वायरमन बसप्पा म्हणतो मडिवाळ,
म्हणजे परीट.
दयेचं काही दिसलं नाही त्याच्यात.
धुतलेलं मात्र दिसलं.

आकडा वाचायचा तर घरटं सरकवायला हवं.
मी मशीनवर बोट ठेवलं: बागिलु मुच्चिदे.
दार बंद.
दारातच तर उभा होतो.
आत मष्णूची बायको भाकऱ्या थापत होती,
तशीच पिठाच्या हातानं बाहेर येऊन म्हणाली,
"च्या घेऊलाईस काय?"

मे महिन्यातही दार बंद.
मे महिन्यातही च्या.

पाखरांना सीमा नसते, असं
आमच्याकडं माईकवर फार म्हणतात.
दयाळाला असते.
मष्णूच्या फणसापासून गोबरगॅसच्या टाकीपर्यंत.
रोज पहाटे तो ती गाऊन मोजतो.
पलीकडचा आला की गाणं थांबतं
आणि पिसं उडतात.
चार रविवार मी त्या फणसाखाली बसलो.
एकसष्ट फोटो: फांदी, शेपूट, भिंत,
आणि जिथं चोच असायला हवी, तिथं ढग.

महिनाअखेर मष्णू ऑफिसात आला,
सरासरीचं बिल फडकवत.
"घरात मी, बायको, म्हातारा, चार म्हशी,
आणि तुमच्यात दार बंद?
आमच्या दाराला कडीच नाही, साहेब!"
कडेमनी साहेबांनी माझ्याकडं पाहिलं
आणि संगणकावर मे महिन्याची नोंद उघडली.
मशीन प्रत्येक नोंदीला फोटो मागतं.
कुलपाचा द्यायचा असतो.
मी काय दिला होता, मलाच आठवत नव्हतं.

चार उघड्या चोची. आत पिवळंधमक.
म्हणजे मी गेल्यावर तिनं आणखी एक अंडं घातलं होतं.
मागं काचेत शेवटचा आकडा, सात, तेवढाच मोकळा.
ढग नाही, बुरशी नाही,
खात्याचं भिंग स्वच्छ होतं.

"मरिगळु," साहेब म्हणाले, स्वतःशीच.
बराच वेळ बिलाचं कुणी काही बोललं नाही.
मग मष्णू खाली वाकून म्हणाला,
"तरीच. दोन महिने झाले,
बायको मला त्या भिंतीकडं फिरकू देत नाही."

बिल त्यानं भरलंच. पुढं वळतं होईल.
तो फोटो मागितला तर मिळत नाही,
ग्राहक क्रमांकाखाली पडून आहे.

जूनचा आकडा घ्यायला गेलो,
तर डब्याला नवं पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप.
पाखरासाठी की माझ्यासाठी, कळेना.
चावी बायकोकडं, बायको म्हशींमागं.
उभा राहिलो.
दयाळ आला आणि झाकणावरच बसला,
हातभर अंतरावर,
शेपूट वर करून पूर्ण बाजू दिली त्यानं.
मंगळवार होता. कॅमेरा घरी.
उजव्या कोपऱ्यात ढग होता खरा,
पण तो चोर्ल्याकडून येणारा.