चंद माहेते?

अंगणवाडी सुटली, पाट्या रचल्या
की मी गफूर मास्तरांच्या ओसरीवर.
वीस वर्षं लोकांच्या सुनांना विचारत आले,
कितवा महिना, गोळ्या घेतल्या का, पाय सुजतात का.
आता माझ्याच सुनेला विचारायचं
तर जीभ पहिल्या दिवशीच्या पोरासारखी
दाराची चौकट सोडत नाही.

सुगतनं शिराजची पोरगी केली. नेगार.
फोनवर ती हसते, मी हसते,
मग दोघी सुगतकडे बघतो.

वहीत डावीकडे फारशी, उजवीकडे आपलं:
कोजा, कोठी. चेरा, काऊन. केय, कवा.
"नाहार खोर्दी? म्हणजे जेवलीस का."
"मास्तर, यातला 'का' कोठी हाय?"
"नाही. शेवटी आवाज वर न्यायचा. बस्स."
हे तर आमची पवित्राबाई रोज करते,
कुंपणावरून "जेवली?" म्हणते
तेव्हा तिच्या भुवयाच 'का' असतात.

हाल तिकडे नुसते विचारतात.
इथे होतात.
आणि खारट म्हणजे शूर.
खारपाणपट्ट्यात जन्म गेला,
या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो,
आणि आज कळतं की आमची विहीर शूर आहे.
घरी येऊन घोटभर प्याले.
खारटच.

चंद माहेते? किती महिन्यांची आहेस?
हे एका दमात पाठ झालं,
त्यात माहेर ऐकू आलं म्हणून.
माहेराचा काही संबंध नाही, मास्तर म्हणाले,
माह म्हणजे महिना.
नसू दे.

अडलं ते बाळाशी.
तो म्हणू? ती म्हणू?
'ते' म्हटलं की गावातल्या बाया
डोळे बारीक करून पुढचं विचारतात,
सोनोग्राफीच्या पाटीखाली उभ्या राहूनही.
मास्तर म्हणाले, तो, ती, ते, सगळ्याले एकच. ऊ.
"आमच्याकडं ऊ डोक्यात सापडते, मास्तर."
खूप हसले. मग चष्मा पुसत बसले.
मी तोच शब्द घरी नेला,
पदराच्या गाठीत सुटे पैसे न्यावे तसा.

रविवारी फोन लागला.
सुगतला म्हटलं, तू बाजूला हो.
ऊ चेतोरे?
तिचे डोळे मोठे झाले. मग बोलायला लागली,
लांबलचक, झपाझप, हात पोटावर.
प्रश्न सगळे शिकले मी,
उत्तरं शिकायची राहिलीच.
फक्त शेवटी आवाज वर गेला,
म्हणजे तिनंही काही विचारलं.

मी म्हणाले, बले.
कशाला हो म्हणाले
ते सुगत अजून सांगत नाही.