चोवीस इंची दार

निखिलेश नावाचा मुलगा आला गंगापूर रोडवरून,
इस्त्रीचा शर्ट, बुटांवर सातपूरची धूळ,
आणि गुळगुळीत कागदावर
चाकांच्या खुर्चीत बसून हसणारी एक म्हातारी,
जिला कधीच काही झालेलं नाही.

"आजी, ही खुर्ची नाही, स्वातंत्र्य आहे," म्हणाला.
मी म्हटलं, आधी पाणी घे.
स्वातंत्र्याची रुंदी किती, ते मग बघू.

पक्षाघातानंतर यांच्याकडे एकच शब्द उरलाय, "बरं".
हो म्हणायचं तरी तोच, नाही म्हणायचं तरी तोच,
भाजीत मीठ जास्त पडलं तरी तोच.
एकतीस वर्षं कारखान्यात तपासनीस होते.
बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नगाला यांचं बोट लागायचं
आणि नापास मालावर लाल रंगाचा एक ठिपका.
वांगीसुद्धा अशी निवडायचे
की भाजीवाली म्हणायची, "देवरे साहेब, सोयरीक जुळवताय का?"

खुर्ची हॉलमध्ये उभी राहिली, चकचकीत.
आज सही केली तर अकरा हजार सूट.
उद्या?
उद्या ऑफर नसते, आजी.
आमचा तर सगळा संसारच आता उद्यावर चाललाय.
उद्या फिजिओवाली येईल, उद्या अंगठा हलेल.
जी वस्तू उद्यापर्यंत थांबत नाही
ती यांच्याजवळ किती दिवस थांबणार?

पुण्याहून हर्षदाचा फोन,
"आई, घेऊन टाक ना, पैसे मी भरते."
तिला वाटतं, पैसे भरले की बाबा थोडेसे उठतील.
मलाही वाटतं. म्हणून तर हात आखडतो.
खैरनारांकडे तो मोटारीचा पलंग आला होता,
कळ दाबली की डोकं वर, पाय वर.
मार्चात बिघडला. कंपनीचा नंबर नुसता वाजत राहिला.
आता त्यावर पापड वाळतात,
डोकं थोडं वर करून.

यांचाच टेप काढला, पत्र्याच्या डबीतला.
सुरुवातीचे आकडे गंजलेत,
म्हणून दहापासून धरायचं आणि शेवटी दहा वजा करायचे,
हे त्यांनीच शिकवलेलं.
न्हाणीघराचं दार, चौकट सोडून, पावणेचोवीस.
खुर्ची, चाकाबाहेरची कडी धरून,
सव्वीसला दोन सूत कमी.
"दार वाढवून घेता येतं, आजी."
येतं की. त्या भिंतीत नळ आहे बाबा,
आणि तुझ्या कागदावर गवंडी नाही.

ब्रेकचं रबर झिजलं तर?
मिळेल.
कुठे?
मिळेल की, आजी.
चाकं हमीत धरलीत का, आणि नाही पटली तर परत कोण नेणार,
हे लिहून दे.
"तोंडी सांगतोय ना मी."
तोंडी बोलण्याचं काय होतं
ते समोर बसलंय, बाळा.

तेवढ्यात यांचा डावा हात पुढे आला.
मुलाने खुर्ची जराशी कलती केली.
यांनी चाक फिरवलं, मान वाकडी करून कान दिला,
चाक थांबेपर्यंत.
मला काहीच ऐकू आलं नाही,
रस्त्यावर कुणाची तरी रिव्हर्स गाडी वाजत होती.
"बरं," म्हणाले.
मुलाने पेन काढलं.
मी बोट बघत होते.
ते खुर्चीच्या हातावर टेकलं, उचललं गेलं.
एकच ठिपका, रंग नसलेला.

चहा मात्र घेतला पोराने.
जाताना जिन्यात थांबून
आमच्या दाराचं माप स्वतःच्या वहीत लिहून घेत होता.

रविवार कारंज्याजवळून भाड्याने आणली शेवटी,
महिन्याच्या बोलीने, पावतीसकट.
बावीस इंची. जुनी. पाठीवर आधीच्या कुणाचं तरी
खिळ्याने कोरलेलं नाव, अर्धंच.
करकरते.
यांनी पहिल्याच दिवशी शिवणयंत्राच्या तेलाकडे बोट केलं.

दारातून जाताना दोन्ही बाजूंना
इंचापेक्षाही कमी जागा उरते.
मी म्हणते, कोपर आत घ्या.
ते घेतात.