खोऱ्यात येणार असाल तर

कार्मिरच्या खोऱ्यात येणार असाल तर सप्टेंबरात या.
जूनमध्ये सगळेच येतात, आणि मठाच्या दारात
एकमेकांच्या पाठींचे फोटो काढून परत जातात.
सकाळी आठच्या आत वर पोचा.
पाद्री तेव्हा झोपाळलेला असतो, दिवे लावत नाही,
म्हणून पूर्वेच्या फटीतला उजेड
फरशीतल्या थडग्यांवरून चालत जाताना दिसतो.
तुम्हीही थडग्यांवर पाय द्या. संकोच नको.
ज्यांची ती आहेत त्यांनीच सांगून ठेवलंय,
आमच्यावरून चालत जा.

पुलावरचा मध घेऊ नका, तो साखरेचा.
शाळेमागे बहिरा सेद्राक राहतो, त्याच्याकडे जा.
किंमत बोटांनी सांगतो,
आणि तुम्ही काही बोलायच्या आत
एक बोट स्वतःच मिटतो.
दरीवर लटकलेल्या पाळण्याबद्दल कुणाला विचारू नका.
माझे वडील त्यातून तांब्याच्या भट्टीवर जायचे.

मी वार्सेनिक. चोवीस वर्षं हेच करते.
निवा गाडी, तिचं मागचं दार फक्त आतून उघडतं.
पाहुण्याला दगड दाखवला तर दगडच सांगितला,
पाचशे वर्षांचा असेल तर हजाराचा केला नाही.
कमिशन सगळेच घेतात.
मासा पाणी केव्हा पितो, कोण बघायला जातं?
मी घेत नव्हते, एवढंच.
त्याचा मला थोडा ताठाही होता.

मग नोव्हेंबरात हम्यक आला.
नदीकाठी त्याचं हॉटेल, मागे सिमेंटचे तीन हौद.
म्हणाला, खोटं बोल असं कुठे म्हणतोय?
नुसतं म्हण, मासा नदीचा आहे.
माणशी दोन हजार द्राम.

आमच्या नदीचा मासा
मांजरंही हुंगून सोडून देतात.
हे त्याला माहीत, मला माहीत, मांजरांना माहीत.

माझी लुसाबेर येरेवानला दात शिकते.
तिसऱ्या वर्षाच्या फीचा कागद
मी लवाशच्या फडक्याखाली ठेवला होता,
रोज भाकरी काढताना तो दिसायचा.
एका बसमध्ये अठरा माणसं.
मी बसांचा हिशेब केला,
बाकी कसला केला नाही.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घसा कोरडा पडला.
दुसऱ्यांदा नुसते कान तापले.
तिसऱ्यांदा तर मी हातवारे केले,
जाळं कसं फेकतात ते दाखवलं,
आणि एक बाई टाळ्या वाजवायला लागली.

त्याच टेबलावर एस्टोनियाचा एक म्हातारा होता.
उभा जन्म बोटीवर काढलेला, बोटं दोरखंडासारखी.
त्याने ताटातल्या माशाची शेपटी उचलली,
कड चाचपली,
हौदाच्या भिंतीला घासून घासून बोथट झालेली.
मग माझ्याकडे पाहिलं.
मी मिठाची वाटी सरकवली. दुसरं काय करणार?
त्याने मासा पूर्ण खाल्ला,
काटा इतका स्वच्छ, जणू धुऊन ठेवलेला.

गाडीत बसताना म्हणाला,
मुलीची किती वर्षं राहिली?
सकाळी घाटात मीच बोलून गेले असेन.
दोन, म्हटलं.
त्याने मान हलवली,
पाणी किती खोल आहे
एवढंच विचारायचं असल्यासारखी.

रागावला असता तर मी भांडले असते.
माझ्याकडे उत्तरं तयार होती,
छप्पर, गॅसचं बिल, नवरा मॉस्कोला गेला तो गेलाच.
एकही कामाला आलं नाही.
ती अजून तशीच पडून आहेत.

तर, सप्टेंबरात या.
छत्री नको, जाड मोजे आणा.
वरच्या झऱ्याचं पाणी बिनधास्त प्या.
दुपारी मी तुम्हाला हम्यककडे नेईन, ते ठरलेलं आहे,
आणि म्हणेन, मासा नदीचा आहे.
तेव्हा माझ्याकडे बघू नका.
वांगी मागवा, अक्रोड भरलेली.
ती त्याची बायको स्वतः करते.
मीठ जरा जास्त असतं.