एक भात

आमच्याकडे वेळ भातात मोजतात.
अंत्सिराबेच्या बाजारापासून आत्याच्या दारापर्यंत
एक भात.
टेकडीवरचं चर्च, डोक्यावर ओझं नसेल तर, अर्धा.
टोळ परतायला लागतो तेवढा वेळ म्हणजे क्षण
आणि भात शिजायला लागतो तेवढा म्हणजे
माणसाची वाट पाहावी इतका.
त्यापुढे निरोप धाडावा.

जुलैत मी हप्त्यावर गॅस आणला,
दोन बर्नरचा, निळ्या रंगाचा.
नेनीनं कोळशाची शेगडी उचलून दाराबाहेर ठेवली.
टाकली नाही.
आगंतुक पाहुण्याला द्यावी तशी
ओट्यावर गॅसला जागा करून दिली
आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी माप काढलं.
माप म्हणजे आटीव दुधाचा रिकामा डबा,
बुडाशी पोचा आलेला.
त्या पोच्यानं आजवर रोज
आमच्या वाट्याची दहावीस शितं खाल्ली असणार.
चौघांना तीन डबे, हा हिशोब.
आम्ही तिघं आहोत.
तिनं तीन घेतले, मी काही बोललो नाही.

लाल तांदूळ. निवडताना ती
एकेक खडा खिडकीबाहेर फेकते
आणि कोंबड्या दर वेळी फसतात.
दोन पाण्यांनी धुवायचा, तिसऱ्यानं नाही,
"चव गटाराला कशाला पाजायची?"
वर पाणी बोटाचं एक पेर.
कुणाच्या बोटाचं, ते ती सांगत नाही,
म्हणून माझा भात गिचका होतो
आणि बहिणीचा, व्हुलानाचा, दाताखाली कचकचतो.

कढ आला. झाकण ठेवलं.
आच बारीक केली, आणखी बारीक, आणखी,
विझली.
पुन्हा पेटवली. हळूच एक शिवी हासडली, फ्रेंचमध्ये.
परक्याला परक्याची भाषा.

मग ती ओट्याला टेकून उभी राहिली.
शेगडीपाशी बसता यायचं,
राख सारता यायची, कोळसा इकडचा तिकडे.
इथे हातांना काम नाही.
हात पदरी पडल्यासारखे पोटावर धरून
ती निळ्या ज्योतीकडे बघत राहिली.

वीस मिनिटांत वास आला.
झाकण काढून एक शीत बोटांत दाबलं.
शिजलेलं. आत कणी नाही, बाहेर चिकटा नाही.
"एवढ्यात?"
गॅस आहे नेनी, मी म्हणालो, लवकरच होणार.
ती विचारात पडली.
"मग आत्याचं घर आता कुठे गेलं असेल?"

बाप हातरिक्षा ओढायचा.
स्टेशनवरची एकच सवारी, एक भात, आलोच,
असं म्हणून गेला होता.
भात शिजला. मुरला. निवला.
नेनीनं पुन्हा शेगडीवर चढवला. पुन्हा उतरवला. पुन्हा चढवला.
त्या रात्री पातेल्याचं बूड असं धरलं
की वाळूनं घासूनही काळा चंद्र गेला नाही.
तेच हे पातेलं.

भात ताटांत वाढला. मोकळा, वाफाळता,
खोटं कशाला बोलू, शेगडीवरच्यापेक्षा बरा.
व्हुलाना तसं म्हणालीसुद्धा, आणि जीभ चावली.
पण नेनी पातेलं तिरकं करून आत बघत होती.
बुडाला खरपुडी नव्हती.
जेमतेम पिवळट, लाजल्यासारखा एक पापुद्रा.
याचं रानुवुला कसं व्हायचं?
जेवणावर आम्ही साधं पाणी पीत नाही,
करपल्या भातावर उकळलेलं पितो.

तिनं पातेलं परत ठेवलं
आणि आच मोठी केली, होती नव्हती तेवढी.
नेनी, करपेल!
"करपायलाच ठेवलंय."
खिडकीची काच धुरकटली, मला ठसका लागला,
शेजारचे रिंद्रा सर दारात येऊन विचारून गेले.
ती हलली नाही.
तिचं तिला कळलं तेव्हा पाणी ओतलं.
चर्रर्र.

कपातलं पाणी जुन्या सोन्याच्या रंगाचं,
जरा कडू, जरा भाजल्या कणसासारखं.
मी मुद्दाम घड्याळ पाहिलं,
धुण्यापासून पहिल्या घोटापर्यंत अडतीस मिनिटं.
सांगितलं तिला.

फुंकर घालत ती म्हणाली,
"हं. आलं बघ घर जागेवर."