हिरवी खूण

डुंगाच्या धक्क्यावर, बर्फाच्या पेट्यांआड बसून
पेरेस अवूर मला तिचा फोन दाखवते.
काच कोपऱ्यातून तडकलेली, पाठीला रबरबँड,
बोटांना ओमेनाचे खवले.
"तुझी यादी अडखळते," ती म्हणते,
"म्हाताऱ्या गाढवासारखी. दोन पावलं, की उभी."

किसुमूत, ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या फोनवर ती लोण्यासारखी सरकायची.
इथे
तीनशे बारा होड्या, आणि प्रत्येकीचा फोटो
कॅमेऱ्यातून निघाला तसाच, अख्खाच्या अख्खा,
नखाएवढ्या चौकटीत कोंबलेला.
कोणी केलं हे?
मीच. मार्चमध्ये. घाईत.

एका फ्रेमला मिळतात सोळा मिलिसेकंद.
पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट लागतात.
तेवढ्यात ओळ मोजायची, मांडायची, रंगवायची.
हुकलं, तर डोळ्याच्या आधी
अंगठ्याला कळतं.

फोटो लहान केले. तारखा आधीच लिहून ठेवल्या.
डब्यात डबा, त्यात डबा, असं जे रचलं होतं
ते मोडून सपाट केलं.
मग ओळी. तीनशे बारा कशाला?
पडद्यावर मावतात आठ,
वर दोन, खाली दोन राखीव.
धक्क्यावरच्या खानावळीत रोझबेलाकडे
बाराच ताटल्या आहेत, आणि दुपारभरात
दोनशे माणसं जेवून उठतात.
उठलेल्याची ताटली विसळायची,
बसलेल्याच्या पुढ्यात ठेवायची.
तशी वरून निसटलेली ओळ
नवं नाव घेऊन खालून परत येते.

यादी वाहू लागली.
शुक्रवारी नवी आवृत्ती गेली. औकोने सगळ्यांना सोडा पाजला.

मंगळवारी पहाटे सरोवरावर वारा फिरला.
रात्री दिवे घेऊन गेलेल्या होड्यांतल्या
कितीतरी परतल्या नव्हत्या.
पेरेस अंगठ्याने यादी ओढत होती,
भराभर, कारण आता भराभर ओढता येत होती.
'न्यार सेमे' वर आली.
नवऱ्याची होडी. निळ्या पट्ट्याची.
नावापुढे हिरवी खूण: परतली.

एवढासाच वेळ.
मग खूण विझली.

ती आधीच्या होडीची होती, त्या ओळीत राहून गेलेली.
मी ताटली विसळली नव्हती.

साडेनऊला 'न्यार सेमे' आली, इंजिन बंद,
वल्ही मारत, जाळी अर्धी कापून टाकलेली.
मी पोचले तेव्हा पेरेस मासे पसरत होती.
ओरडली नाही. वर बघितलंही नाही.
"अडखळायची," ती म्हणाली,
"पण खोटं बोलत नव्हती."

दुरुस्ती एका ओळीची.
लिहायच्या आधी पुसायचं.
मला ती पहिल्या वर्षाला शिकवली होती,
मी पुढे चार मुलांना शिकवली.

आता नाव येतं, आणि खुणेची जागा
क्षणभर राखाडी राहते,
खरी बातमी येईपर्यंत.
औको म्हणतो, यात एक मिलिसेकंद फुकट जातो,
जरा डोकं लावलं तर वाचवता येईल.
येईल.
मी त्याला रोझबेलाकडे जेवायला घेऊन जाते.
मोरीपाशी तिची मुलगी उकिडवी बसलीय,
एकेक ताटली उजेडात धरून बघते,
मग ठेवते.