वाढत्या मापाचं

राजारामपुरीतल्या दुकानात चोपन्नची फ्रेम होती,
गेल्या वर्षीची, लालभडक, सवलतीत.
पोरगा म्हणाला, सीट खाली घेऊ, स्टेम आखूड टाकू,
बसतंय की, काकी.

बसतंय की.
शाळेचा फ्रॉक शिवला तो वाढत्या मापाचा,
आत चार बोटं पट्टी दुमडलेली.
ती उसवायची वेळ आली तेव्हा कापडच विरलं होतं.
चपलेत अंगठ्यापुढं बोटभर मोकळं.
आणि अण्णाची चोवीस इंची सायकल,
जिच्या दांड्यावरून माझी ढांग कधी पलीकडं गेली नाही.
मी त्रिकोणातूनच पाय घातला.
डावा हात हँडलला, उजवी काख सीटवर,
अशी कलंडून, कात्री मारत
गंगावेशीपर्यंत दूध पोचवलं तीन वर्षं.
लोक म्हणायचे, मगदुमांची पोरगी सायकल चालवती बघा.
चालवत कुठली.
लोंबकळत होते.

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
इलाही शिकलगार माणसाला सायकल बसवून देतो.
सत्तावीस वर्षं लेथवर काढलेली,
केसाएवढा फरक बोटाला कळतो.
लाल चोपन्नचं सांगितलं, तर तो किंमत विचारेना.
माझ्या पायांकडं बघून म्हणाला,
"चपला काढा. भिंतीला पाठ लावा."

जमाखर्चाची जाड वही पायांत धरायची,
सीटवर बसल्यागत वर दाबायची.
त्याची सून शमीम टेप घेऊन खाली बसली,
मग वर बघून हळूच म्हणाली,
"टाचा टेका, अक्का."

टाचा उचलल्यात
हे मला माहीतच नव्हतं.

बहात्तर.
बहात्तर सेंटिमीटर, जमिनीपासून माझ्यापर्यंत.
इलाहीभाईंनी पाटीवर खडूनं गुणाकार केला,
अठ्ठेचाळीसाला थोडं कमी.
"पर नुसत्या पायावर फ्रेम ठरत न्हाई," म्हणाले,
आणि धड मोजलं, खांद्यापासून मूठ मोजली,
मूठ मिटून पेन्सिल धरायला लावली.
एकाच उंचीची दोन माणसं आणा,
एकाची उंची पायात असती, दुसऱ्याची पाठीत.

"सीट खाली घेऊन भागलं नसतं?"
"सीट येती की खाली. लांबी कुठं जाईल?
हात ताणून ताणून मान धरंल,
बोटं मुंग्या येऊन बधिर पडतील,
आणि तुम्ही म्हणशीला, वय झालं."

मी काही बोलले नाही.
बऱ्याच गोष्टींना मी वय झालं म्हटलं होतं.

स्टँडवर सायकल. निळी, अठ्ठेचाळीस.
गुडघ्यापासून दोरा सोडला, टोकाला पितळी नट,
तो डुलत डुलत पेडलच्या मधोमध थांबला.
सीट दोन सूत मागं. पुन्हा एक सूत पुढं.
कोपर सैल. ब्रेकवर बोट न ताणता पोचतंय.
समोर बघितलं तर पुढचं हब हँडलच्या आड गेलेलं.
शमीमनं वहीत लिहिलं: रत्नप्रभा मगदूम, वय एक्कावन्न,
आणि खाली आकडे,
ज्यांत वाढीसाठी काही सोडलेलं नव्हतं.

रविवारी वाघबीळ चढले.
उसाचा ट्रॅक्टर मागून आला, पुढं गेला,
त्याच्या धुरात खोकत चढले.
पन्हाळ्याच्या नाक्याशी अण्णा मोटरसायकल लावून चहा पीत होता.
"दम लागला?"
"लागला. पण उतरलो न्हाई."

मग त्याला हौस आली.
बसला. गुडघे हँडलला आपटायला लागले,
पाठीचं कमान झालं, पाच पावलं गेला आणि थांबला.
"लहान पडतीय गं. सीट वर घेऊन बघू का जरा?"

नटाला खडूची खूण अजून होती.
चहाचा कप दोन्ही हातांत धरून
मी म्हटलं, "असू दे.
बसतंय की."