पायगुण

डिसेंबर संपता संपता आमच्या गावात
चारच धुराडी उरतात.
बाकीची घरं खाली कुताइसीला उतरतात,
लेकांकडे, नातवंडांकडे, नळाच्या गरम पाण्याकडे.
मागे कुलपांवर बर्फ बसतो, टोपी घातल्यासारखा.
माझं धुराडं तिसरं.
चौथं त्सिआलाचं, ओढ्यापलीकडे.

एकतीस वर्षं रिओनीचं पाणी मोजलं मी,
सकाळी आठला, संध्याकाळी आठला,
काठावर रोवलेल्या पट्टीवर.
सरकारं गेली, देशाचं नाव बदललं, पट्टी तीच.
पुढे खातंच बंद झालं, पण वही मागायला
कुणी आलं नाही,
म्हणून अजून लिहितो. हिवाळ्यात बर्फ लिहितो.
काल एकसष्ट सेंटिमीटर.

रात्री लामाराचा फोन आला, इटलीहून.
ती तिथं परक्या म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते,
आणि मला विचारते, बाबा, जेवलात का?
म्हटलं, अक्रोड फोडले, मधात शिजवले,
तुझ्या आईसारखे जमले नाहीत, दाताला चिकटतात.
दात किती उरलेत ते तिनं विचारलं नाही.
पलीकडे म्हातारी काहीतरी ओरडली.
फोन ठेवला.

बारा वाजायला अवकाश होता, वही चाळत बसलो.
मार्चमध्ये पूल वाहून गेला. मेमध्ये नवा आला.
एका समासात नुसतं 'कोल्हा?'
ऑगस्टचे आकडे सगळे आहेत, माझ्याच हातचे,
पण ऑगस्टमध्ये मी काय करत होतो,
आजारी होतो की आनंदात,
काही केल्या आठवेना.
पाण्याला सगळं आठवतं. मला पाणी आठवतं, एवढंच.

आमच्याकडे पहिल्या तारखेला
पहिला जो उंबरठा ओलांडेल
त्याच्या पायगुणावर वर्ष जातं.
मेक्व्ले म्हणतात त्याला.
पोरवयात मला बोलवायचे घरोघर,
चांगल्या पायाचा म्हणून. खिसे गोळ्यांनी फुगायचे.
मग एका वर्षी दोमेंतीची गाय मेली, आठवड्याच्या आत,
आणि माझा पाय पुन्हा नुसता पाय झाला.

नातेला गेल्यापासून इथं कुणी येत नाही.
गेल्या साली कुत्रा आधी आत शिरला.
वर्ष काही वाईट गेलं नाही. कुत्रा गेला, शेवटी.
यंदा ठरवून टाकलं होतं,
आपणच बाहेर पडायचं, आपणच दार वाजवायचं,
आपणच म्हणायचं, या.

त्सिआलाशी अकरा वर्षं बोलणं नाही.
नासपतीचं झाड होतं, मूळ तिचं, फांद्या माझ्या.
झाड कधीच वठलं.
भांडण दर वसंतात पालवतं.

सकाळी दार उघडलं
तर पायरीपर्यंत पावलं आलेली.
लहान. उजवीकडे काठीची भोकं.
पायरीशी बर्फ तुडवलेला,
कुणीतरी बराच वेळ उभं असावं
या पायावरून त्या पायावर भार टाकत.
आणि मग तीच पावलं, मागे फिरलेली.

उंबरठा ओलांडला नाही.
म्हणजे आली म्हणायची, की नाही?
अर्धं माप मी कधी वहीत लिहिलेलं नाही.
आकडा वर घ्यायचा नाहीतर खाली, हा नियम,
मीच शिकवलाय तो दोन नव्या पोरांना.

उभा राहिलो. दार उघडं, घरातली ऊब
माझ्या पाठीवरून बाहेर जात होती.

मग अक्रोडाच्या चार वड्या फडक्यात बांधल्या
आणि निघालो, त्याच पावलांत पाय टाकत,
कोरा बर्फ उगाच मोडू नये म्हणून.
माझे बूट मोठे. प्रत्येक पावलाची कड
थोडी थोडी ढासळत गेली.

ओढ्यावरच्या फळीपाशी दम खायला थांबलो.
पलीकडचा धूर सरळ वर जात होता.
घड्याळ पाहिलं, साडेआठ.
एकतीस वर्षं आणि त्यानंतरची सगळी धरून
पहिल्यांदाच आठ वाजून गेले होते
आणि मी काही मोजलं नव्हतं.